नामकरणाची स्मृति आणि नांवाचा खरेपणा

घरांत मूल जन्मास आलें म्हणजे त्याच्या नांवाविषयीं जेवढा खल होतो, तेवढा दुसऱ्या एखाद्या गोष्टीविषयीं क्वचितच होत असेल. आजोबांस कुलदैवताचें नांव हवें असतें, आईस कांहीं नवें व सुटसुटीत हवें असतें, आणि पाळण्यापाशीं वांकून आत्याबाई कानांत तिसरेंच सांगतात. संगणकासाठीं आज्ञा लिहिणारा मनुष्यही रोज नांवें ठेवीत असतो. परंतु त्यांतील एकाचेंही बारसें होत नाहीं. मनांत पहिलें जें येईल तें लिहून तो मोकळा होतो. पुढें तें नांव वाचण्याचा प्रसंग ज्याच्यावर येतो तो बहुधा दुसराच कोणी असतो, आणि नांव ठेवणारास नांवें ठेवण्यावांचून त्या बिचाऱ्यास गत्यंतर उरत नाहीं.

ज्या वाचकांचा या विषयाशीं संबंध आला नसेल त्यांच्यासाठीं थोडा खुलासा केला पाहिजे. बीजगणितांत ज्यास आपण चल म्हणतों, तशीच ही वस्तु आहे. एखादी रक्कम, एखादी तारीख, विद्यार्थ्यांची यादी, असें जें जें संगणकानें स्मरणांत ठेवावें असें वाटतें, त्यास आज्ञा लिहिणारा एक नांव देतो व पुढें त्या नांवानें त्यास हांक मारतो. पायथन, पर्ल, रूबी, जावास्क्रिप्ट, शेल इत्यादि भाषांत ज्या लहान लहान स्क्रिप्ट लिहिल्या जातात, त्यांत या नांवांचें महत्त्व विशेष आहे. आणि त्याचीं कारणें दोन आहेत. पहिलें असें कीं, अशा स्क्रिप्ट पुष्कळदां कारकून, शिक्षक, संशोधक अशा, ज्यांचा हा धंदा नव्हे, अशा लोकांच्या हातून एका दुपारच्या गरजेपुरत्या लिहिल्या जातात आणि मग वर्षानुवर्षें चालू राहतात. दुसरें असें कीं, यांपैकीं बहुतेक भाषांत चलामध्यें काय ठेवावयाचें आहे, आंकडा कीं मजकूर, हें आधीं जाहीर करण्याचें बंधन नसतें. पर्लमध्यें निदान नांवापूर्वीं एक चिन्ह येतें व त्यावरून तें एकटें मूल्य आहे कीं यादी आहे एवढें तरी कळतें; पायथनमध्यें तेंही नाहीं. वाचणाराच्या हातीं जो पुरावा उरतो तो बव्हंशीं नांवाचाच.

या नांवांविषयीं आजवर जें लिहिलें गेलें, त्यांत ‘पेप आठ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेखाइतका प्रमाणभूत मानला गेलेला लेख विरळा. पायथन भाषा गुइडो व्हान रॉसम यांनीं १९९१ मध्यें प्रसिद्ध केली. तिच्या सुधारणेसाठीं जे प्रस्ताव मांडले जातात त्यांस पेप म्हणतात. त्यांपैकीं आठव्या क्रमांकाचा प्रस्ताव व्हान रॉसम व बॅरी वॉर्सा यांच्या नांवानें २००१ मध्यें प्रथम आला, आणि पुढें त्यांत भरही पडली. ओळ किती लांब असावी, रिकामी जागा कोठें सोडावी, येथपासून नांवें कशीं ठेवावीं येथपर्यंत त्याचा विस्तार आहे. आपल्याकडे आचाराच्या बाबतींत स्मृतिग्रंथांस जें स्थान होतें, तेंच पायथनच्या जगांत या लेखास मिळालेलें दिसतें. त्याच्या आज्ञा मोडणारास भाषा स्वतः कसलीही शिक्षा करीत नाहीं. शिष्ट मंडळी मात्र नाक मुरडतात. म्हणून एखाद्या ग्रंथाप्रमाणें त्याचें परीक्षण करणें अनुचित होणार नाहीं.

त्यांतील नामविषयक प्रकरण उघडतांच एक प्रांजळ कबुली वाचावयास मिळते. पायथनच्या स्वतःच्या संग्रहांतील नांवें कांहींशीं गोंधळाचीं आहेत व तीं सर्वस्वीं एकसारखीं कधींच होणार नाहींत, असें लेखक आरंभींच सांगून टाकतात. मग नांवांच्या पेहरावाचे प्रकार येतात. रोमन लिपींत प्रत्येक अक्षराचीं लहान व मोठें अशीं दोन रूपें असल्यामुळें हे प्रकार संभवतात: सर्व अक्षरें लहान, सर्व मोठीं, लहान अक्षरांचे शब्द व त्यांच्यामध्यें खालच्या अंगास रेघ, किंवा प्रत्येक शब्दाचें आद्याक्षर मोठें आणि मध्यें जागा मुळींच नाहीं. या शेवटल्या प्रकारास, त्याच्या उंचसखल आकारावरून, उंटाचें नांव मिळालें आहे. आद्याक्षरें मोठीं आणि शिवाय मध्यें रेघ, अशा नांवापुढें तर लेखकांनीं ‘कुरूप’ असा शेराच मारून ठेवला आहे. त्यानंतर निर्णय येतो. वर्गांचीं नांवें उंटाच्या थाटाचीं असावीं. साध्या चलांचीं व फलनांचीं लहान अक्षरांचीं आणि रेघेनें जोडलेलीं असावीं. ज्यांचें मूल्य बदलावयाचें नाहीं त्या स्थिरांकांचीं सर्व मोठ्या अक्षरांचीं असावीं. लहान एल, मोठा ओ व मोठा आय हीं अक्षरें एकेकटीं नांव म्हणून देऊं नयेत, कारण कांहीं टंकांत तीं एक व शून्य या आंकड्यांपासून वेगळीं ओळखूं येत नाहींत. एखादें नांव भाषेच्या राखीव शब्दाशीं जुळत असेल तर त्या शब्दाची मोडतोड करूं नये, शेवटीं एक रेघ जोडावी.

हे नियम क्षुल्लक आहेत असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. पेहराव ठरलेला असला म्हणजे नांव पाहतांच त्याची जात कळते. हा वर्ग, हा स्थिरांक, हें साधें चल, असें डोळाच सांगतो व बुद्धीस तेवढा विसावा मिळतो. शिवाय चार माणसें एकत्र काम करीत असतां प्रत्येकानें आपापली रीत चालविली म्हणजे जो वितंडवाद माजतो, तो या स्मृतीनें पुष्कळ अंशीं मिटविला. रीत आधीं ठरली नाहीं म्हणजे काय होतें, याचें उदाहरण पायथनच्याच घरांत आहे. ‘थ्रेडिंग’ या विभागांतील नांवें जावा भाषेच्या वळणानें उंटाच्या थाटाचीं ठेवलीं गेलीं होतीं. २००८ मध्यें त्यांस रेघेचीं नवीं नांवें दिलीं गेलीं. परंतु जुनीं वापरूं नयेत असें उघड जाहीर होण्यास २०२१ साल उजाडलें. नांव ठेवण्यास क्षण लागतो, लोकांच्या तोंडीं बसलेलें नांव काढण्यास तपें लागतात. आणि या लेखकांचा समंजसपणाही मान्य केला पाहिजे. अविचारी एकरूपतेचा हट्ट धरूं नये, या अर्थाचें इमर्सनचें सुप्रसिद्ध वचन त्यांनीं एका विभागाच्या माथ्यावर घातलें आहे, आणि नियम पाळल्यानें वाचन कठीण होत असेल तर तो खुशाल मोडावा, अशी मुभाही दिली आहे.

आमचा आक्षेप वेगळा आहे. एवढ्या विस्तृत प्रकरणांत नांवाच्या अर्थाविषयीं काय सांगितलें आहे हें शोधूं गेल्यास हातीं जवळजवळ एकच वाक्य लागतें. बाहेरच्या वापरणारास जीं नांवें दिसतात त्यांनीं वस्तूचा उपयोग दाखवावा, तिची आंतील घडण नव्हे, असा त्याचा आशय आहे. वाक्य सोन्यासारखें आहे, आणि त्यास सर्वोपरि तत्त्व असें शीर्षकही दिलें आहे. परंतु त्याचें विवरण नाहीं, उदाहरण नाहीं, आणि जीं नांवें स्क्रिप्टच्या पोटांतच राहतात त्यांचा त्यांत उल्लेखही नाहीं. पेहरावास पानेंच्या पानें आणि अर्थास एक ओळ, असा हा वांटा आहे. परिणाम असा झाला कीं, नामकरणाचा विचार म्हणजे अक्षरें लहान कीं मोठीं, रेघ कीं उंट, याचाच विचार, अशी समजूत पसरली. या समजुतीस यंत्रांनींही हातभार लावला. स्क्रिप्ट तपासणारीं साधनें आतां पुष्कळ निघालीं आहेत. त्यांपैकीं पायलिंट नामक एका साधनांत सहा निरर्थक नांवांची, फू, बार, बाज, टोटो, टूटू व टाटा यांची, बहिष्कृत यादी आरंभापासून घातलेली असते. ही दक्षता स्तुत्य आहे. परंतु निरर्थक नांव ओळखणें सोपें असतें, तें स्वतःच आपला निरर्थकपणा ओरडून सांगतें. खोट्या नांवाचें तसें नाहीं. तें सभ्य वेषांत येतें आणि यंत्राच्या चाळणींतून सहज पार होतें.

समजा, एका शिक्षकानें वार्षिक निकालासाठीं स्क्रिप्ट लिहिली आणि ज्यांस पस्तीस किंवा अधिक गुण मिळाले त्यांची मोजणी ‘उत्तीर्णसंख्या’ या चलांत ठेवली. पुढल्या वर्षीं सवलतीचे गुण देऊन वर आणलेल्या मुलांची भर त्याच चलांत घातली गेली, कारण तेवढ्याच ओळीनें काम भागत होतें. त्यापुढल्या वर्षीं शिक्षक बदलले. नव्या गृहस्थांनीं नांव वाचलें, त्यावर विश्वास ठेवला, आणि स्वतःच्या गुणांवर उत्तीर्ण झालेल्यांची संख्या म्हणून तो आंकडा वर पाठविला. या स्क्रिप्टमध्यें पेप आठचा एकही नियम मोडलेला नाहीं. संगणकानें बेरीजही चुकविलेली नाहीं. खोटें बोललें तें नांव. नांव सोनुबाई आणि हातीं कथलाचा वाळा, ही म्हण जणुं याच प्रसंगासाठीं झाली असावी. ज्या चलास ‘क्ष’ म्हटलें आहे त्याविषयीं वाचणारा निदान सावध असतो, मागें जाऊन पाहतो. भारदस्त परंतु असत्य नांव त्याची सावधगिरीच हरण करतें. म्हणून अर्थहीन नांवापेक्षां असत्य नांव अधिक घातक, असें आम्हांस वाटतें.

येथें कोणी म्हणेल कीं, पेहरावही कांहीं ठिकाणीं प्राणरक्षणाचें काम करतो. तें खरें आहे, आणि युनिक्सचें शेल हें त्याचें उत्तम उदाहरण होय. शेलमध्यें सभोंवतालच्या परिस्थितीचीं कांहीं चलें आधींच नांदत असतात व त्यांचीं नांवें मोठ्या अक्षरांत असतात. आज्ञा कोणकोणत्या जागीं शोधावयाच्या हें ‘पाथ’ या चलांत असतें. पॉझिक्स या मानकानें लहान अक्षरांचीं नांवें सामान्य लेखकांसाठीं मोकळीं ठेवलीं आहेत. हें ठाऊक नसलेला नवशिका आपल्या फाइलीचा मार्ग ठेवण्यासाठीं मोठ्या अक्षरांत पाथ लिहितो, आणि पुढच्याच ओळींत शेलला फायलींची यादी दाखविण्याची साधी आज्ञाही सांपडेनाशी होते. बॅश नांवाच्या शेलमध्यें मोठ्या अक्षरांतील ‘सेकंड्स’ असेंच फसवें आहे. त्यांत पांच ठेवून निश्चिंत बसलेल्या मनुष्यास थोड्या वेळानें तेथें आठ सांपडतात, कारण तें चल घड्याळाप्रमाणें आपोआप पुढें सरकत असतें. लहान अक्षरांची रीत पाळली असती तर हे दोन्ही अपघात टळले असते. परंतु झेड-शेलमध्यें लहान अक्षरांतील पाथही त्या मोठ्या पाथशीं बांधलेलें असतें. तेथें पेहराव बदलूनही सुटका नाहीं. ‘अहवालाचा मार्ग’ असें नेमकें नांव ठेवणारा मात्र तिन्ही ठिकाणीं सुरक्षित राहतो. पेहरावाचा नियम जेथें उपयोगी पडतो तेथेंही नेमकेपणा त्याच्याहून दूरवर साथ देतो, असा याचा अर्थ.

नेमकेपणाचें दुसरें अंग म्हणजे एकक. ‘विलंब’ हें नांव वाचण्यास गोड आहे; परंतु विलंब कशांत मोजलेला? पायथनमध्यें किंवा शेलमध्यें थांबण्याची आज्ञा दिली तर आंकडा सेकंदांचा समजला जातो. जावास्क्रिप्टमध्यें ठराविक वेळानंतर काम करण्याची जी आज्ञा आहे ती तोच आंकडा सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजते. एका स्क्रिप्टमधून दुसरींत ‘विलंब’ पांच म्हणून नेला तर पांच सेकंदांच्या जागीं निमिषमात्रही थांबणें होत नाहीं, आणि चूक कोठें आहे तें कळत नाहीं, कारण आंकडाही बरोबर आणि नांवही शुद्ध. ‘विलंब_सेकंद’ एवढें लिहिलें असतें तर नेतांनाच हात अडला असता.

आतां संक्षेपाच्या कैवाऱ्यांचें म्हणणेंही ऐकलें पाहिजे. ते म्हणतील कीं, इतकीं लांब नांवें लिहीत बसावयाचें तर आज्ञा कधीं लिहावयाच्या? आणि त्यांच्या बाजूस मोठे साक्षीदार आहेत. पाणिनीनें दा व धा यांसारख्या धातूंस ‘घु’ म्हटलें, शब्दाच्या शेवटल्या स्वरापासूनच्या भागास ‘टि’ म्हटलें; यांहून आंखूड व यांहून अर्थशून्य नांवें कोठें मिळणार? बाराव्या शतकांतील भास्कराचार्यांच्या बीजगणितांत अव्यक्त राशींस यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशीं नांवें आहेत; पहिल्याखेरीज बाकीचीं केवळ रंगांचीं, आणि गणित मांडतांना त्यांचीं आद्याक्षरें या, का, नी, पी एवढींच लिहावयाचीं. तरीही या पद्धति शतकानुशतकें सुखानें चालल्या. परंतु त्या कशा चालल्या हें पाहिलें पाहिजे. पाणिनीची संज्ञा प्रथम व्याख्या करून दिलेली असते, आणि शिकणारा तें सारें शास्त्र मुखोद्गत करीत असे. बीजगणितांतील कालक एका उदाहरणापुरता जन्मास येतो आणि उत्तर निघतांच संपतो. स्क्रिप्ट वाचणारानें ती पाठ केलेली नसते, आणि तिच्यांतील चल शंभर ओळींमागें जन्मलेलें असतें. दोन ओळींत जन्मून दोन ओळींत मावळणाऱ्या मोजणीच्या चलास एकाक्षरी नांव खुशाल द्यावें. त्यास भारदस्त नांव देणें हा उलट डामडौल होईल. जन्मस्थान आणि उपयोगस्थान यांतील अंतर जसजसें वाढेल तसतसें नांव भरीव व्हावें, हा नियम आम्हांस दोन्ही पक्षांस न्याय देणारा वाटतो.

मराठी वाचकांपुढें या विषयाचा आणखी एक प्रश्न उभा राहतो. २००८ च्या डिसेंबरांत निघालेल्या पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांस देवनागरींत नांव देतां येतें. मात्र आपल्या लिपींत लहान व मोठें अक्षर हा भेदच नाहीं. म्हणजे पेप आठनें उभारलेली पेहरावाची इमारत देवनागरींत पाऊल टाकतांच ढांसळते. राहते ती फक्त रेघ, आणि तिचेंही पुष्कळ काम आपल्याकडे समासानें भागतें. रूबी भाषेंत तर हा भेद शिष्टाचार नसून व्याकरणच आहे: वर्गाचें नांव मोठ्या अक्षरानें आरंभलेंच पाहिजे, म्हणून निव्वळ देवनागरी नांवाचा वर्ग तेथें निर्माणच होऊं शकत नाहीं. पायथन एवढा कठोर नाहीं. तरी तेथेंही एक काटा आहे. ‘दुसऱ्या’ या शब्दांतील अर्धा र टंकलेखकानें अदृश्य जोडचिन्ह घालून काढला असेल तर पायथन तें नांव नाकारतो, आणि ज्या र खालीं टिंब असतें त्यापासून काढला असेल तर स्वीकारतो. डोळ्यांस मात्र दोन्ही सारखेच दिसतात.

मग मराठी नांवें ठेवावीं कीं इंग्रजी? पेप आठचें मत इंग्रजीकडे आहे. पायथनच्या मूळ संग्रहांत रोमन अक्षरेंच हवींत व शक्य तेथें इंग्रजी शब्द हवेत, असें तो सांगतो. आणि टीपा देखील इंग्रजींतच लिहाव्या, आपली भाषा न जाणणारा कोणी ती स्क्रिप्ट कधींच वाचणार नाहीं अशी १२० टक्के खात्री असेल तरच अपवाद करावा, असें म्हणतो. जगभर जाणाऱ्या संग्रहास हें मत योग्य आहे. परंतु तालुक्याच्या पतपेढींत चालणाऱ्या स्क्रिप्टचा वाचक कोण? तेथील हिशेबनीस. त्याच्या वहींत जमा, येणें, उचल, थकबाकी, शिल्लक हे शब्द आहेत, आणि प्रत्येकाची हद्द त्यास बिनचूक ठाऊक आहे. त्याच्या स्क्रिप्टमध्यें मात्र या पांचांच्या जागीं बहुधा ‘अमाउंट’ एक, ‘अमाउंट’ दोन, ‘अमाउंट’ तीन अशी भावंडें दिसतात. पेहराव इंग्रजी आणि शुद्ध. अर्थ मात्र परभाषेच्या दारांत हरवलेला. अशा ठिकाणीं ‘थकबाकी’ हें नांव, देवनागरींत लिहा वा रोमनमध्यें, अधिक सत्य आहे, आणि जें अधिक सत्य तेंच तेथें अधिक शुद्ध मानावें.

एकंदरींत पाहतां पेप आठ हा आचाराचा उत्तम ग्रंथ आहे, आणि आचार पाळणारांनीं त्याच्याशीं भांडण्याचें कारण नाहीं. दोष आहे तो आचारासच नीति समजणाऱ्या अनुयायांचा, आणि त्या समजुतीस पुरेसा अटकाव न करणाऱ्या त्या एका ओळीचा. आजकाल भाषेचीं मोठीं प्रतिमानें मागितल्याबरोबर स्क्रिप्ट लिहून देतात, आणि त्यांतील नांवांचा पेहराव बहुधा वाखाणण्याजोगा असतो. त्यामुळें लिहिण्याचे श्रम कमी झाले; परंतु लिहिलेलें खरें आहे कीं नाहीं हें पाहण्याचे वाढले. जे हा विषय शिकवितात त्यांस आमची एवढीच सूचना आहे कीं, विद्यार्थ्याची स्क्रिप्ट तपासतांना रेघा व अक्षरें यंत्रावर सोंपवावीं आणि स्वतः एकच प्रश्न विचारावा: ही स्क्रिप्ट न पाहिलेल्या मनुष्यास हें नांव सांगितलें, तर आंत काय आहे तें तो बरोबर सांगेल काय? जेथें तो चुकेल तेथें नांव बदलावें, आणि चलाचा अर्थ जेव्हां जेव्हां पालटेल तेव्हां तेव्हां हा प्रश्न पुन्हा विचारावा.